बदलीपुरतं लग्न

सेइपातीबाईंनी जन्मात एकच गोष्ट नियमाबाहेर केली, ती म्हणजे लग्न. आणि तेही नियमात बसवायला जाऊन घालवलं. त्याला आता तीन वर्षं झाली. शाळेत अजूनही एखादी नवी शिक्षिका मधल्या सुट्टीत विचारते, "म्मा, तुमचं लग्न झालं होतं म्हणे?" बाई हातातला वह्यांचा गठ्ठा उगाच टेबलावर आपटून सरळ करतात, "झालं होतं. कामापुरतं," म्हणतात आणि वर्गावर निघतात. तास सुरू व्हायला अजून दहा मिनिटं असतात.

बाई किंवा म्मा त्या शाळेत. आपण नुसतं सेइपाती म्हणू. ज्या माणसाचे इतके हाल ऐकायचे आहेत त्याच्याशी अहोजाहो करत बसलं, तर हसायचीही चोरी आणि हळहळायचीही.

सेइपाती आमच्या माहिकेंग शहरात भूगोल शिकवते. लग्नाच्या वेळी वय त्रेचाळीस. स्वतःचं घर, घरापुढे कोरफडीचे चार वाफे, वाफ्यांभोवती चुना लावलेले दगड आणि प्रत्येक दोन दगडांमध्ये बरोबर एक वीत अंतर. पुरुष तिच्या आयुष्यात कधी नव्हता आणि येणारही नव्हता, हे घरात, गल्लीत, शाळेत सगळ्यांना ठाऊक होतं. लोक विचारत नव्हते, ती सांगत नव्हती. पंचवीस वर्षं हा बंदोबस्त उत्तम चालला होता.

डिसेंबरात बारावीचे पेपर तपासायला प्रांतभरच्या शिक्षकांना एका वसतिगृहात दहा दिवस कोंडतात. तिथे ओनालेना भेटली. मोरोक्वेंगसारख्या आडगावी अकरा वर्षं भूगोल शिकवणारी, छत्तीस वर्षांची, उंच, आणि तपासताना मोठ्याने हसणारी. नदी दक्षिणेकडे का वाहते, या प्रश्नाला कुणा मुलीने लिहिलं होतं, 'कारण इथे तिचं काही उरलं नाही.' ओनालेनाने ते सगळ्यांना वाचून दाखवलं, डोळे पुसले आणि एक गुण देऊन टाकला. सेइपाती त्या टेबलाची प्रमुख. तिने लाल पेनाने तो गुण कापला आणि उत्तरसूचीत भावनेला जागा नाही, असं सुनावलं.

"म्मा," ओनालेना म्हणाली, "तुम्हाला कधी कोणी एक गुण जास्त दिलाच नाही का?"

त्या दिवशी सेइपातीने अकरा पेपरांच्या बेरजा चुकवल्या. वीस वर्षांच्या नोकरीत असं झालं नव्हतं. तिने याचा दोष वसतिगृहातल्या उकाड्याला दिला आणि पुढचं अख्खं वर्ष त्या उकाड्याची आठवण काढत घालवलं.

पुढच्या डिसेंबरात चहाच्या रांगेत ओनालेनाने आपलं रडगाणं सांगितलं. शाळेत शेळ्या शिरतात, छप्पर गळतं, भूगोलाबरोबर शिवण आणि कवायतही तिलाच शिकवावी लागते. शहरात बदलीचे चार अर्ज फेटाळले गेले होते. मात्र नवरा किंवा बायको शहरात नोकरीला असेल, तर दोघांना एकत्र आणायचा एक रकाना अर्जात असतो, आणि त्या रकान्यातले अर्ज महिन्यात सुटतात, असं तिला एका कारकुनाने सांगितलं होतं. एवढं सांगून तिने चहात साखर घातली, ढवळली आणि ढवळता ढवळताच विचारलं, "तुम्ही करता का माझ्याशी लग्न? कागदावर. नोकरी इथे पक्की व्हायला एक वर्ष लागतं. वर्ष झालं की सोडचिठ्ठी."

सेइपातीच्या मनात त्या वेळी जे आलं, ते नुसतं बोलून टाकलं असतं, तर ही गोष्ट इथेच संपली असती आणि सुखाची झाली असती. ते न बोलता तिने विचारलं, "अर्जाच्या किती प्रती लागतात?"

घरी येऊन तिने करारनामा टाइप केला. चौदा कलमं, दोन प्रती. खोल्या वेगळ्या, फडताळं वेगळी, दुसऱ्याच्या कपातून चहा पिऊ नये, आंघोळीची वेळ पंधरा मिनिटं, आणि शेवटचं कलम, की नोकरी पक्की झाल्यावर पुढच्या मार्चअखेर दोघींनी एकमेकींना कुरकुर न करता मोकळं करावं. ओनालेनाने तो कागद दोनदा वाचला. मग म्हणाली की पंधरावं कलम घाला, वरचं कोणतंही कलम विसरलं तरी चालेल. अशाने वरच्या चौदा कलमांना अर्थ राहत नाही, हे सेइपातीने तिला समजावून सांगितलं. मग ओनालेनाने सही केली.

आमच्याकडे बाईने बाईशी लग्न करायला कायद्याची हरकत नाही. हरकत असते ती सिस्टिम बंद असण्याची. पहिल्या दिवशी सिस्टिम बंद होती. दुसऱ्या खेपेला सिस्टिम चालू होती, पण अशी लग्नं लावणारा अधिकारी स्वतःच्या लग्नासाठी रजेवर होता. तिसऱ्या खेपेला दोन्ही जमलं, पण दोन साक्षीदारांपैकी एक, शाळेची ग्रंथपाल, ऐन वेळी आलीच नाही. अधिकारी म्हणाला, रांगेतल्या कोणालाही धरा. सेइपातीने मान वळवली, तर रांगेत ओळखपत्र बदलायला आलेली शेजारीण, म्मा सेबेगो, हात वर करून उभीच होती.

हे लग्न गल्लीत कळू द्यायचं नाही, एवढी एकच सेइपातीची इच्छा होती. म्मा सेबेगो निवृत्त परिचारिका. तिने चाळीस वर्षं लोकांच्या आजारांची गुप्तता पाळली होती आणि निवृत्त झाल्यापासून ती त्याची भरपाई करत होती. दुपारी बाराला सह्या झाल्या. चार वाजता सेइपाती घरी पोहोचली तेव्हा फाटकाला फुगे बांधलेले होते.

कुरकुर झाली नाही असं नाही. रविवारी चर्चमध्ये पाद्रीबुवांनी नाव न घेता बरंच काही सांगितलं, आणि नाव न घेता सगळ्यांनी मागे वळून सेइपातीकडे पाहिलं. पण खरा दणका शुक्रवारी आला. बोनोलोआत्या पिशवी घेऊन दारात उभी राहिली. सेइपातीच्या वडिलांची ही थोरली बहीण. आईवडील गेल्यानंतर घराण्याची सगळी सूत्रं तिच्याकडे होती. बसायच्या आधीच तिने सुरुवात केली.

"बाई केलीस, त्याचं मला काही नाही. ते मला तू सात वर्षांची असल्यापासून माहीत आहे. पण मामाला न पाठवता केलीस? मागणी नाही, बोलणी नाही, सरकारी कचेरीत उभ्या उभ्या लग्न? तुला काय आम्ही रस्त्यावर वाढवली?"

आता इथे खरं सांगायची सोय नव्हती. लग्न खोटं आहे म्हटलं, तर बदलीसाठी सरकारला फसवलं असं होतं. खरं आहे म्हटलं, तर मामा आलेच. सेइपातीने खाली मान घालून मामा पत्करले.

पण मामा निघणार कोणाकडून? आमच्यात मुलाकडचे मामा आणि बायका भल्या पहाटे मुलीच्या दारी मागणी घालायला जातात. मुलीकडचे घरात बसून वाट पाहतात आणि आलेल्यांना जरा ताटकळतही ठेवतात, कारण मान त्यांचा. इथे दोन्ही घरं मुलीची. सेइपातीचा तिरोमामा म्हणाला, आमची मुलगी आहे, आम्ही का जायचं? तिकडे मोरोक्वेंगला ओनालेनाचा पुलेमामा हेच म्हणत होता. तीन शनिवार दोन्ही घरी पहाटे उठून लापशी शिजली, मटण कुटून तयार झालं, माणसं कोट घालून बसली आणि कोणीच आलं नाही. तिन्ही शनिवारी इकडचं ते सगळं म्मा सेबेगोच्या घरी गेलं. चौथ्या शनिवारी दोन्ही घरांना एकदमच वाटलं, की आपणच कमीपणा घ्यावा, पोरीचा प्रश्न आहे. आणि दोन्ही घरं निघाली.

पहाटे पाचच्या सुमारास अर्ध्या वाटेवरच्या फ्रायबर्गच्या पेट्रोल पंपावर दोन गाड्या शेजारी शेजारी थांबल्या. कोट घातलेले म्हातारे आणि जानेवारीच्या उकाड्यात चौकड्याच्या घोंगड्या पांघरलेल्या बायका, तेही अशा वेळी, म्हणजे दुसरं काही असूच शकत नाही. दोन्ही मामांनी एकमेकांकडे पाहिलं. बोलणी तिथेच, हवा भरायच्या यंत्राशेजारच्या बाकावर झाली. चहा पंपाचा, पाव पंपाचे. आमच्यात मुलीच्या घराला गाई द्याव्या लागतात; इथे दोन्हीकडून सहा-सहा द्यायच्या ठरल्या. तिरोमामाच्या सहा गाई मोरोक्वेंगच्या झाल्या, पुलेमामाच्या सहा माहिकेंगच्या. जागची मात्र एकही हलली नाही. तेव्हापासून तिरोमामा आपल्याच गोठ्यातल्या त्या सहा गाईंना पाहुण्या म्हणून चारा जरा जास्त घालायचा.

मग शिकवणीचा दिवस. लग्न झालेल्या बायका नवरीला चटईवर पाय पसरून बसवतात, घोंगडी पांघरतात आणि संसार कसा करायचा ते बजावतात. इथे दोन नवऱ्या शेजारी शेजारी घाम गाळत बसलेल्या. पहिलीच शिकवण, नवऱ्याच्या आधी उठून त्याला चहा द्यावा. यातली आधी कोणी उठायचं, यावर बायकांमध्ये अर्धा तास वाद झाला. शेवटी बोनोलोआत्याने निकाल दिला, की दोघी बायका आहेत, तेव्हा शिकवण दोघींनाही लागू. सेइपातीने ते वहीत लिहून घेतलं.

इकडे बदलीचा अर्ज पुढे सरकत होता, पण संगणकाला दोन बायकांचं जोडपं पचेना. त्याने आपल्या अकलेने एकीला पुरुष केलं. पत्र आलं, 'श्री. सेइपाती यांच्या पत्नीची बदली मंजूर.' दुरुस्तीसाठी पोलीस चौकीत जाऊन आपण बाई असल्याचं शपथपत्र करून आणावं लागलं. हवालदाराने शिक्का मारण्याआधी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि "दिसतंय खरं" असं आपलं मत दिलं. त्रेचाळीस वर्षांच्या आयुष्यात एवढा अपमान सेइपातीने सोसला नव्हता. घरी येऊन तिने हे ओनालेनाला फोनवर सांगितलं तेव्हा ती इतकी हसली, की सेइपातीलाही शेवटी हसावं लागलं. कोरफडीपाशी उभं राहून एकटीच हसताना म्मा सेबेगोने तिला पाहिलं आणि नवरीला किती आनंद झालाय, हे गल्लीभर सांगितलं.

एप्रिलात ओनालेना दोन ट्रंका आणि भरतकामाला बसायची एक खुर्ची घेऊन राहायला आली. तिच्यासाठी झाडूनपुसून ठेवलेल्या खोलीत बोनोलोआत्या आधीच राहत होती. ती तीन दिवसांसाठी आली होती आणि जूनपर्यंत राहिली. त्यामुळे पहिलं कलम पहिल्याच दिवशी मोडलं. एका खोलीत राहायचं म्हटल्यावर सेइपातीने पाठीचं दुखणं काढलं. मऊ गादी आपल्याला चालत नाही, असं सांगून ती जमिनीवर झोपू लागली, आणि महिन्याभरात तिची पाठ खरोखरच धरली. म्मा सेबेगोने मलम चोळून दिलं आणि बाहेर जाऊन काय सांगितलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. ओनालेना एवढंच म्हणाली, की गादी दोघींना पुरेल इतकी रुंद आहे, तुम्ही मोजून पाहा. सेइपातीने खरंच टेप आणून मोजली आणि पुन्हा खालीच झोपली.

चहाचं तर विचारू नका. आत्या घरात असेपर्यंत शिकवण पाळणं भाग होतं. सेइपाती पाचला उठून चहा करी. दुसऱ्या दिवशी ओनालेना पावणेपाचला उठे. मग ही साडेचारला. पंधरवड्यात घरात पहाटे तीनला चहा होऊ लागला आणि दोघी दिवसभर वर्गात जांभया देऊ लागल्या. एके दिवशी दोघींच्याही घड्याळांनी हात टेकले. जाग आली ती साडेआठला, शाळा भरून तासभर झाल्यावर. सेइपाती केस न विंचरता उभी, एका पायात एक बूट, आणि ओनालेना पलंगावर बसून पोट धरून हसत होती. "अगं, आता गेलोच आहोत उशीर करून, तर बस जरा," ती म्हणाली. ती पहिल्यांदाच अगं म्हणाली होती. सेइपाती बसली. दोघींनी एकाच कपातून चहा घेतला, कारण दुसरा कप धुतलेला नव्हता. त्या दिवशी सेइपातीने शाळेत पोटदुखीचा अर्ज दिला, जन्मातला पहिला खोटा अर्ज, आणि दोघी दुपारपर्यंत अंगणात बसून राहिल्या. तेव्हा तरी बोलायचं. ती बोलली काय, तर आठव्या कलमाप्रमाणे भांडी आज तुझ्याकडे आहेत.

सप्टेंबरात तपासनीस आला. बदलीसाठी खोटी लग्नं फार झाली होती, म्हणून खात्याचा माणूस घरोघरी जाऊन जोडपी खरी आहेत का पाहत होता. पकडलं तर दोघींच्या नोकऱ्या जाणार. सेइपातीने खोल्या आवरल्या, पलंगावर दोन उश्या ठेवल्या, भिंतीवर कचेरीतला फोटो लावला. आत्या गेल्यावर फ्रीजच्या दारावर लावलेला करारनामा मात्र तिथेच राहिला. तपासनिसाने पाणी मागितलं, उठून स्वतःच फ्रीजपाशी गेला आणि कागद वाचत उभा राहिला. ओनालेनाने सेइपातीचा हात घट्ट धरला. चौदाव्या कलमावर सुदैवाने लोहचुंबकाने अडकवलेलं विजेचं बिल होतं. तेरा कलमं वाचून तो वळला. त्याने खोलीत न डोकावताच कागदावर शिक्का मारला आणि म्हणाला, "खोल्यांवरून, कपावरून, फडताळावरून इतकी भांडणं खोट्या लग्नात होत नाहीत. तेवीस वर्षं झाली माझ्या लग्नाला, मला कळतं." तो गेला तरी ओनालेनाने हात सोडला नाही. सेइपातीने मनातल्या मनात शंभरपर्यंत आकडे मोजले आणि मग बिल भरायची तारीख जवळ आल्याचं सांगून स्वतःच हात काढून घेतला.

पाऊस सुरू झाल्यावर ओनालेनाने कोरफडीच्या वाफ्यांत भोपळ्याच्या बिया टाकल्या. वेल दगडांवरून, विती ओलांडून, पार म्मा सेबेगोच्या कुंपणात गेले. सेइपातीला राग यायला हवा होता. ती रोज सकाळी उठून किती पानं आली ते पाहू लागली. एका संध्याकाळी ओनालेना मातीचे हात झटकत म्हणाली, "पुढच्या वर्षी या बाजूला लावू. इथे ऊन जास्त आहे."

"पुढच्या वर्षी तू नसशील," सेइपाती म्हणाली.

तिला म्हणायचं होतं, की मी तुला अडकवून ठेवणार नाही, मी शब्दाची पक्की आहे, तू घाबरू नकोस. इतकं सगळं तिने त्या चार शब्दांत भरलं होतं. बाहेर आले ते नुसते चार शब्द. ओनालेना नळावर हात धुवायला गेली.

त्या डिसेंबरात पेपर तपासायला दोघी बरोबर गेल्या. ओनालेनाने सवयीप्रमाणे इथे एक, तिथे अर्धा असे गुण वाटले आणि टेबलाच्या प्रमुखांनी त्यातला एकही कापला नाही. याहून मोठं प्रेमपत्र सेइपातीने जन्मात लिहिलं नसेल. पण ते ओनालेनाला कळणार कसं? तपासलेल्या गठ्ठ्यावर आकड्यांखेरीज काही नसतं.

मार्चमध्ये नोकरी पक्की झाल्याचं पत्र आलं. त्याच संध्याकाळी सेइपातीने सोडचिठ्ठीचा अर्ज प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून जेवणाच्या टेबलावर ठेवला. अर्ज तिने महिनाभर आधीच आणून ठेवला होता. शेवटच्या दिवशी धावपळ नको. ओनालेनाने पाकिटाकडे पाहिलं आणि विचारलं, "तुला हवंय हे?"

"ठरलं होतं ना," सेइपाती म्हणाली.

"मी ठरलं होतं का विचारलं नाही."

सेइपातीने ताटं उचलली. दुसऱ्या दिवशी ओनालेनाने सही केली आणि आणखी एक अर्ज पाठवला, पुन्हा मोरोक्वेंगच्या शाळेत जाण्याचा. तो चार दिवसांत मंजूर झाला. तिकडे जाणाऱ्यांचे अर्ज अडत नाहीत. ज्या शाळेतून सुटायला या बाईने लग्न केलं, त्याच शाळेत ती परत का निघाली, हा साधा प्रश्न आमच्या भूगोलाच्या बाईंना पडला नाही असं नाही. तो पडला, आणि त्यांनी तो विचारला नाही. आपण विचारणं म्हणजे अडवणं होईल, असं त्यांना वाटलं.

कोर्टाने पंधरा मिनिटांत मोकळं केलं. पण तिरोमामाने फोनवर सांगितलं, की कागद तुमचा होता, तो तुम्ही फाडा. लग्न आम्ही जोडलंय आणि ते आम्ही सोडवल्याशिवाय सुटायचं नाही. दोन्ही घरं बसतील, दोघींना तक्रार विचारतील, तक्रार रास्त असेल तर सोडतील. तक्रारच नसेल तर गाई आहेत तिथे राहतील आणि पोरीही.

शनिवारी सेइपातीच्या अंगणात सगळे जमले. मामा खुर्च्यांवर, बायका चटयांवर, चहाची किटली मध्ये. ओनालेनाच्या ट्रंका दाराशी लावून ठेवल्या होत्या. थोरली म्हणून सेइपातीला आधी उभं केलं. रात्रंदिवस डोकं खाजवूनही तिला एक तक्रार सापडली नव्हती. पण तक्रार नाही म्हटलं तर ओनालेना सुटणार नव्हती, आणि तिला मोकळं करायचा शब्द दिला होता. म्हणून सेइपाती खोटं बोलली. दुसऱ्या कुणासाठी बोललेलं ते तिचं पहिलंच खोटं, आणि तेच तिने इतकं चोख बोलावं, हे तिचं दुर्दैव.

"मला हिची सवय झाली नाही," ती म्हणाली. "घरात सतत गाणं, हसणं, वाफ्यांत वेल. मला माझं घर पूर्वीसारखं हवंय."

ओनालेनाने तिच्याकडे पाहिलंही नाही. बोनोलोआत्याने मात्र असं पाहिलं, की सेइपाती खालीच बसली. मग पुलेमामाने आपल्या भाचीला विचारलं, हिने तुला मारलं का, उपाशी ठेवलं का, दुसऱ्या कुणाच्या नादी लागली का. ओनालेना प्रत्येक वेळी नाही म्हणाली.

"मग तक्रार काय तुझी?"

"एकच आहे, मामा. वर्षभरात हिने मला एकदाही 'राहा' म्हटलं नाही." तिचा आवाज अगदी साधा होता. "सगळं वेळेवर दिलं. चहा, चाव्या, सह्या. मी बदलीसाठी लग्न केलं असं हिला वाटतं. शेळ्यांचं मला काही नव्हतं. मोरोक्वेंगला मी जन्म काढला असता. मला हिच्याजवळ यायचं होतं आणि दुसरी वाट दिसली नाही. आल्यावर वाटलं, आज म्हणेल, उद्या म्हणेल. नाही म्हणाली. ज्या घरात राहा म्हणत नाहीत तिथे किती दिवस बसायचं?"

तिरोमामाने कप उचलला. "पोरी," तो सेइपातीला म्हणाला, "ही तक्रार खरी आहे का? सावकाश सांग. मला घाई नाही."

आमच्यात म्हाताऱ्याच्या कपात चहा आहे तोवर निकाल लागत नाही. आणि तिरोमामाने तो कप असा प्यायला, की तसा कोणी कधी प्यायला नसेल. फुंकर घातली, पाव बुडवला, पाव पडला तो चमच्याने काढला. पुलेमामाने न मागता किटलीतून त्यात आणखी ओतलं. आत्याने चटईवरून सरकत सेइपातीला पायाने ढोसलं. सगळ्या अंगणाला कळत होतं, की इथे एक शब्द हवाय, मोठा नाही, अवघड नाही. ओनालेनाने मान वर केली होती आणि ती सरळ सेइपातीकडे पाहत होती. शब्द अगदी ओठापर्यंत आला होता, हे सेइपातीने मला पुढे स्वतः सांगितलं. पण विचारलं होतं ते तक्रार खरी की खोटी.

"खरी आहे," ती म्हणाली.

तिरोमामाने उरलेला चहा मातीत ओतला. तक्रार रास्त आहे, मुलगी मोकळी झाली, असं तो म्हणाला आणि पुलेमामाने मान डोलावली. ओनालेनाने अंगावरची घोंगडी काढून नीट घडी केली आणि आत्याच्या हातात दिली. ट्रंका गाडीत चढल्या. भरतकामाची खुर्ची बसेना, ती राहू दे म्हणाली. गाडी फाटकातून बाहेर पडली, कोपऱ्यावर जरा थांबली, मग फ्रायबर्गच्या रस्त्याला लागली आणि दिसेनाशी झाली.

सेइपाती फाटकाशी उभी होती. "राहा," ती म्हणाली. बऱ्यापैकी मोठ्याने म्हणाली.

मागे आत्या घोंगडी घेऊन उभी होती. "आता मला काय सांगतेस," ती म्हणाली.